हुंगलेलं फूल

माझ्या सासऱ्यांना झाडांचं वेड होतं असं आमच्या सोसायटीत अजून सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. त्यांना झाडांच्या रुबाबाचं वेड होतं. या दोहोंतला फरक कळायला त्या घरात सून म्हणून राहावं लागतं, आणि ते भाग्य सोसायटीत माझ्या एकटीच्या वाट्याला आलं.

बडोद्याच्या कडेला, अकोट्यात, तेव्हा शेतं भराभर विकली जात होती आणि त्यांच्यावर सोसायट्या उठत होत्या. आमचं घर म्हणजे टेनामेंट, शेजारच्या घराला एका भिंतीने चिकटलेलं. पुढे अंगण होतं, पण दोन सतरंज्या अंथरल्या की संपेल एवढं. मागे कपडे धुण्याचा दगड, नळ आणि उघडं गटार. पुढून मागे जायला घराच्या कडेने एक बोळ. एवढ्या जागेत माणसाने चार कुंड्या ठेवाव्यात आणि देवाचे आभार मानावेत. मामंजींनी तिथे राजवाड्याची बाग करायला घेतली.

कारण त्यांचे आजोबा बडोदे सरकारच्या बागखात्यात होते. नेमके कोण होते ते मला अखेरपर्यंत कळलं नाही. पाहुणे साधे असले तर आजोबा देखरेख करत, पाहुणे मोठे असले तर सगळं खातं चालवत. दिवाणखान्यात त्यांचा फोटो होता. पगडी, उपरणं, आणि मागे एवढा थोरला बुंधा की त्याच्यापुढे आजोबा खुंटीला अडकवल्यासारखे दिसत. मामंजी नर्सरीत जायचे ते हा फोटो डोक्यात घेऊन. फाटकाच्या दोन बाजूंना दोन बाटलीपाम, कारण राजवाड्याच्या रस्त्याला दुतर्फा पाम असतात. मधोमध ख्रिसमस ट्री, कारण आजोबांच्या वेळी साहेबलोकांना तो आवडे. कडेने पिवळ्या पानांच्या ड्युरांटाचं कुंपण, जे ते दर रविवारी सुतळी बांधून, तिच्या रेषेत कातरत. आणि कोपऱ्यात, बोळाच्या तोंडाशी, रबराचं झाड. नर्सरीवाल्याने ते दिवाणखान्यात कुंडीत ठेवायला म्हणून दिलं होतं. मामंजींनी ते जमिनीत लावलं. कुंडीत झाडाचा अपमान होतो, असं ते म्हणाले.

माणसाचा झाला तर चालत असे.

माझी आई जुन्या शहरातल्या गल्लीत, घडियाळी पोळीत, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. तिच्याकडे जमीन नव्हती, अगाशी म्हणजे उघडी गच्ची होती, आणि अगाशीत एका तेलाच्या डब्यात अनंताचं झाड होतं. डब्याच्या मानाने झाड बरंच मोठं झालं होतं. उन्हाळ्यात फुलं यायला लागली की ती पहिलं फूल तोडून आणायची आणि मी झोपलेली असताना माझ्या नाकाशी धरायची. शाळेच्या दिवसांत मला उठवायचा तिचा हाच एक सौम्य प्रकार होता. बाकीचे दिवस ती पांघरूण ओढायची. आमच्या समोरच्या काकू एकदा तिला म्हणाल्या, आधी देवाला वाहावं, मग मुलीला द्यावं. आई म्हणाली, "देवाला नाक असेल तर त्याला लांबूनही येतो वास. हिला जवळ न्यावं लागतं."

माझ्या लग्नात तिने रुखवतात ते झाड ठेवलं. म्हणजे झाड नव्हे, त्याची फांदी रुजवून केलेलं रोप, वनस्पती तुपाच्या डब्यात. रुखवतात लोक साखरेची तुळशीवृंदावनं ठेवतात, लोकरीचे ससे ठेवतात, काचेच्या बांगड्यांची बैलगाडी ठेवतात. हिने फडताळाएवढ्या जागेत, सशांच्या आणि बैलगाडीच्या मधे, चार पानांचा डबा ठेवला. मामंजी हात मागे बांधून रुखवत बघत आले. डब्यापाशी थांबले आणि मोठ्यांदा म्हणाले, "हे काय, मंडपवाल्याचं राहिलं वाटतं." त्यांच्याकडचे सगळे हसले. आईही हसली, कारण मुलीची आई होती. मी हसले नाही, आणि माझ्या मते आमचं वैर तिथे सुरू झालं.

त्यांच्या घरी झाडांच्या बाबतीत एक नियम होता. शोभेचं पुढे, फुलांचं मागे. पुढचं अंगण लोकांसाठी. तिथे पानं हवीत, आकार हवा, बारा महिने सारखं दिसायला हवं. फुलझाड म्हणजे देवाचं कूळ, त्याने मागे राहावं, वेळेवर फुलं द्यावी आणि बाकी दिसू नये. नियम सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे तो झाडांपुरताच नव्हता हेही मला कळलं. अनंत मागे गेला, मोरीच्या बाहेर, कपडे धुण्याच्या दगडाला लागून.

ज्याला अनंत माहीत आहे त्याला ही शिक्षा कळेल. या झाडाला आंबट माती लागते. आमच्याकडे बोअरचं पाणी, एवढं जड की तपेल्याला पांढरा थर चढायचा, आणि वरून साबणाचे ओघळ. वर्षभरात पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या. कळी आली की ती पिळलेल्या फडक्यासारखी हिरवट दिसायची, मोठी व्हायची आणि उमलायच्या आधी गळून पडायची. मी आईला विचारायला पोळीत गेले. तिने सांगितलं ते सगळं केलं. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, चिमूटभर पाण्यात विरघळवून घातलं. ताकाची निवळी घातली. साबणाचं पाणी वळवायला विटांचा बांध घातला. अगाशीत पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवलं आणि तेच तांब्याने घातलं, रोज एकाच वेळी, कारण पाण्याची वेळ चुकली की अनंत रुसून कळ्या टाकतो. मामंजी पुढून मागे यायचे, बघायचे आणि म्हणायचे, "डब्यातलं झाड डब्यातच बरं असतं."

त्याच सुमारास आई गेली. भावाने पोळीतल्या खोल्या सोडल्या, पुण्याला गेला. अगाशीतल्या डब्याचं काय झालं म्हणून मी फोन केला तर म्हणाला, कुठला डबा. मी परत विचारलं नाही. आता ते झाड जगात कुठे असलंच तर माझ्या कपडे धुण्याच्या दगडापाशी होतं.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एक कळी टिकली. सकाळी मी नळ सोडायला मागे गेले तर फूल उमललेलं होतं, ताटलीएवढं वाटलं मला, खरं म्हणजे वाटीएवढंच असेल. मी ते तोडलं आणि नाकाशी नेलं. नेलं म्हणजे हात आपोआप गेला. श्वास अर्धा आत गेला असेल-नसेल, तोच मामंजी अंघोळ करून, ओलं पंचं नेसून मोरीतून बाहेर आले. त्यांनी माझ्या हातातून फूल घेतलं आणि गटारात टाकलं.

"हुंगलेलं फूल देवाला चालत नाही," ते म्हणाले. "घरात एवढंही शिकवलं नाही?"

फूल काळ्या पाण्यावर तरंगत भिंतीखालून शेजाऱ्यांच्या बाजूला गेलं. मी बघत उभी राहिले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा चांगला माणूस आहे, म्हणजे त्याचा कुणाला त्रास नाही आणि कुणाला उपयोगही नाही. तो म्हणाला, "जाऊ दे ना. एका फुलाचं काय एवढं."

दुसऱ्या दिवसापासून अनंताची फुलं तोडणं हे मामंजींचं काम झालं. हिराकस माझं, ताक माझं, पिंपातून पाणी उपसणं माझं, आणि फुलं त्यांची. पहाटे अंघोळ करून परडी घेऊन ते बोळातून मागे जात, संध्याकाळी हेरून ठेवलेल्या कळ्यांतली जी उमललेली असेल ती तोडत आणि श्वास रोखून देवघरात नेत. खरंच रोखून. हे सोवळं त्यांनी मनापासून पाळलं, ते मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी तीच फुलं निर्माल्यात पिवळी पडलेली असत आणि त्यांना कुजका वास येई. ती विश्वामित्री नदीत सोडायला मात्र माझ्या हातात दिली जात.

आता कुणी म्हणेल, बाई, दुपारी घरात कोण असतं, जायचं मागे, घ्यायचा वास. शेजारच्या गुजराती बेनने हेच सांगितलं होतं. पण मी तो वास चोरून घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. झाड माझं, माझ्या आईचं. तिने तो वास माझ्या नाकाशी आणून दिला होता, राजरोस, सकाळच्या उजेडात. तो मला तसाच पाहिजे होता. मोरीमागे लपून घेतला असता तर मीच कबूल केलं असतं की तो त्यांचा आहे. मी हट्टी आहे असं माझ्या माहेरी म्हणत. सासरी काही म्हणत नसत, पण मतभेद नव्हता.

तिकडे पुढे राजवाडा वाढत होता. सोसायटीत एकेकाच्या दारात गाड्या यायला लागल्या होत्या. लोक अंगणं सिमेंटची करून घेत होते. माझ्या नवऱ्याला बँकेचं कर्ज मिळत होतं, एक छोटी पांढरी गाडी त्याने बघूनही ठेवली होती. पण ठेवणार कुठे? एका बाजूला पाम, मधे ख्रिसमस ट्री, त्याच्या खालच्या फांद्या फाटकाला टेकलेल्या. मामंजी म्हणाले, "आजोबांनी झाडासाठी सरकारची बग्गी वळवायला लावली होती." गाडी राहिली. आणि रबराचं झाड तर गच्चीच्या वर गेलं होतं. त्याचं पान पडायचं तेव्हा चप्पल आपटल्यासारखा आवाज यायचा. मुळं आधी जमिनीखाली होती, मग लाद्यांच्या फटीत दिसायला लागली, मग त्यांनी बोळातल्या लाद्या उचलल्या. पाण्याच्या टाकीला तडा गेला. शेजारच्या बेनच्या भिंतीला तिरपी भेग पडली, खालपासून वरपर्यंत.

बेन एक दिवस सरळ अंगणात आली. "दादा, आ झाड तो आखुं घर खाई जशे," ती म्हणाली. "तमारुं ने मारुं बेउ." तुमचं आणि माझं, दोन्ही.

मामंजी ड्युरांटाची सुतळी ताणत होते. मान वर न करता म्हणाले, "भिंत परत बांधता येते, बेन. झाड नाही."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तमे केम बोलता नथी?"

मी का बोलत नव्हते? कारण बोललेलं त्या घरात हुंगलेल्या फुलासारखं होतं. बोललं की वाया गेलं.

मग ते पडले. पहाटे, ओलं पंचं, हातात परडी, बोळातून अनंताकडे जाताना, रबराच्या झाडाने उचललेल्या लादीला ठेचकाळून. स्वतःच्या झाडाला अडखळून माझ्या झाडाकडे जाताना. हे मी तेव्हाच मनात म्हटलं, त्यांना उचलत असताना, आणि म्हटल्याबद्दल मला वाईट वाटलं नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात सळई घातली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता महिनोन्‌महिने अंथरूण.

ते दवाखान्यात असताना मी रबराचं झाड पाडलं. नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "बाबांना काय वाटेल?" मी म्हटलं, "बाबांना सळई घातलीय. आणखी कुणाला घालायची आहे?" माणसं दोर लावून आली आणि वरून खाली एकेक फांदी उतरवली. प्रत्येक घावाला पांढरा चीक गळत होता. तो अंगणातल्या फरशीवर वाळून चिकट काळे डाग पडले ते अजून निघालेले नाहीत. बेनने त्या दिवशी आमच्या सगळ्यांना चहा दिला.

मामंजी घरी आले ते स्ट्रेचरवर, उताणे. फाटकातून आत आणताना त्यांचे डोळे वर होते. जिथे पानं असायची तिथे आभाळ होतं, स्वच्छ, दुपारचं. त्यांनी ते पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. तोंड थोडं उघडलं आणि मिटलं. रबराच्या झाडाचं नाव त्यांनी काढलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मला वाटलं होतं मला फार बरं वाटेल. बऱ्यापैकी वाटलं.

त्यांची खाट मागच्या खोलीत टाकली, कारण तिथून मोरी जवळ. त्या खोलीच्या खिडकीबाहेर कपडे धुण्याचा दगड आणि अनंत. देव आहे की नाही मला माहीत नाही, पण खोल्या देणारं कुणीतरी आहे.

आणि त्या वर्षी अनंत बहरला. रबराचं झाड गेल्यामुळे मुळांना जागा मिळाली, का उजेड मिळाला, का हिराकस एकदाचं लागू पडलं, कोण जाणे. झाड पांढरं झालं. पूजा आता नवरा करी, ऑफिसच्या घाईत, बाजारातून आणलेल्या झेंडूने. अनंताची फुलं मी तोडली नाहीत. एकही नाही. ती फांदीवर उमलत, दुपारी साय जुनी व्हावी तशी पिवळसर होत, तपकिरी होत आणि तिथेच लोंबत राहत. संध्याकाळी वास खिडकीतून सरळ खाटेवर येई. मामंजी भिंतीकडे तोंड करून पडत.

"फुलं फुकट जात आहेत," एका सकाळी ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हतं, पण खोलीत मीच होते.

"तोडायचं काम तुमचं आहे," मी म्हटलं. "मी तोडली तर हुंगीन. माझ्या हाताला सवय आहे."

असं बरेच दिवस चाललं. मी त्यांना अंघोळ घालत होते, भरवत होते, कूस बदलायला लावत होते, पाठीला पावडर लावत होते. त्यात मी कसूर केली असं कुणी म्हणू शकणार नाही. फक्त फूल देत नव्हते. आणि ते मागत नव्हते. आमच्यात एवढाच खेळ उरला होता आणि दोघांनाही तो चांगला येत होता.

शेवटी तेच हरले. मी चादर बदलत होते. ते खिडकीकडे बघत म्हणाले, "एक आणून देतेस?"

मला उद्देशून, माझ्याकडे तोंड करून, त्या आवाजात ते इतक्या वर्षांत काही बोलले नव्हते. मी बाहेर गेले. त्या सकाळी उमललेलं सगळ्यात मोठं फूल बघितलं, दोन पानांसकट तोडलं आणि आत आले. खाटेच्या पायथ्याशी, त्यांना नीट दिसेल अशी उभी राहिले. फूल नाकाशी धरलं आणि श्वास घेतला. पूर्ण, सावकाश, छाती भरून. मग सोडला. ते बघत होते.

"घ्या," मी फूल पुढे केलं. "हुंगलेलं आहे. देवाला चालणार नाही. तुम्हाला चालत असेल तर बघा."

त्यांनी हात पुढे केला. फूल घेतलं. नाकावर असं ठेवलं की अर्धा चेहरा झाकला गेला, आणि डोळे मिटले. किती वेळ गेला सांगता येत नाही. जन्मभर ज्याला हात लावताना त्यांनी श्वास रोखला होता ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. मग त्यांनी फूल दूर धरलं, पान उलटसुलट करून पाहिलं.

"पान पिवळं आहे," ते म्हणाले. "हिराकस घालत नाहीस?"

"घालते. लग्न झाल्यापासून घालते."

"कमी पडतंय," ते म्हणाले, आणि फूल उशीवर, कानापाशी ठेवून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी मोरीत जाऊन हात धुतले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला वास आलाच नव्हता. एवढा श्वास घेतला, पण माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आता बघतील, आता दुखेल, आता कळेल. ज्याच्यासाठी इतकी वर्षं हट्ट धरून बसले तो पहिला उघड श्वास मी त्यांच्यावर खर्च केला. त्यातही पुढच्या अंगणातला नियमच चालला, लोकांसाठी. वास त्यांना आला. आईने माझ्यासाठी दिलेला, तो त्यांना मिळाला, आणि तो मीच त्यांच्या हातात नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत झाडापाशी गेले. फूल तोडलं नाही, फांदी नाकापाशी वाकवली. खोलीतून खोकल्याचा आवाज आला, ते जागे होते, बघत असणार. मी खिडकीकडे पाठ केली आणि मग डोळे मिटले.